पेन्सिलीनं लिहिलेलं

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदांच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ दिसते. आधी ‘चाल’ एवढाच शब्द, मग आडवी रेघ आणि पुढं भलत्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. हे पद त्या गाण्यासारखं म्हणायचं, असा त्याचा अर्थ. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा एवढी सोय पुरत होती. ज्या गाण्याचा हवाला दिलेला असे ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असायचंच. एखादी लावणी, एखादं कानडी पद, कीर्तनातली साकी. आज पद छापलेलं आहे, हवालाही छापलेला आहे, पण ज्याचा हवाला दिला ते गाणंच पुष्कळदा कुणाला येत नाही.

आमचे सर या बारीक टायपातल्या ओळीवर तासच्या तास घालवायचे. सांगलीतल्या एका कॉलेजात ते मराठी शिकवत. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात निळ्या शाईचं पेन आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीचा तुकडा. ‘संगीत शारदा’ अभ्यासाला होतं. परीक्षेतले प्रश्न ठरलेले: जरठ-कुमारी विवाह, देवलांचे संवाद, भद्रेश्वर दीक्षिताचं पात्र. हे सगळं ते भराभर उरकून टाकत आणि मग टेबलावर बोटांनी ठेका धरून विचारत, “आता हे पद म्हणून कोण दाखवतंय?” सगळा वर्ग खाली मान घालून बसे. मग गृहपाठ मिळे. देवलांचं हरिपूर सांगलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं देवळाच्या ओवरीत म्हातारी माणसं बसतात, त्यांच्याकडून चाल घेऊन या.

आम्ही चारपाच जणी गेलो. भाजलेल्या शेंगा खायला देऊन एका आजोबांनी आधी आमची जातकुळी, वडलांची नोकरी, सगळी चौकशी केली. लहानपणी गावच्या नाटकात त्यांनी शारदेच्या मैत्रिणीचं काम केलं होतं. दोन पदं त्यांनी कापऱ्या आवाजात पुरी म्हटली. तिसऱ्याला पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, शब्द वाचले आणि पुस्तक मिटून परत दिलं. “हे आमचा बाळू म्हणायचा,” म्हणाले. बाळू कुठं असतो हे विचारायचं आम्हांला सुचलं नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते आजोबा भेटले नाहीत.

सरांना या गोष्टीचं दुःख होई, पण आश्चर्य वाटत नसे. हे दीड-दोन हजार वर्षं असंच चाललंय, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते पुन्हा शाकुंतलाकडेच जात, या खेपेला कालिदासाच्या. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला हंसपदिका नावाची राणी आत कुठंतरी गाते आहे. दुष्यंत ते ऐकतो आणि प्रिय माणूस दुरावलेलं नसतानाही अस्वस्थ होतो. शकुंतला त्याच्या आठवणीतून पुसली गेलेली आहे, तरी त्या सुरांनी आत काहीतरी हलतं. सर म्हणायचे, “सगळ्या अंकाची किल्ली त्या गाण्यात आहे. तिनं काय म्हटलं ते आपल्याकडं आहे. कसं म्हटलं ते नाही. मग आपण शाकुंतल शिकवतो म्हणजे नेमकं काय शिकवतो?”

आणि त्यातही त्यांना एक घरचा अभिमान होता. संस्कृत नाटकांतल्या बायका बोलायच्या शौरसेनीत, पण गाण्याची वेळ आली की त्यांच्या तोंडी महाराष्ट्री प्राकृत घालायचं, असा पुढं संकेतच ठरला. सातवाहन हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ त्याच भाषेतली. सातशे गाथा, शेतातल्या, नदीकाठच्या, सासरी नांदणाऱ्या बायकांच्या. “म्हणजे सगळ्या देशानं गाण्यासाठी आपली भाषा निवडली होती,” असं ते छाती थोडी पुढं काढून सांगत. लगेच स्वतःच हसत. “आणि त्यातली एक ओळही कशी गायची हे आपल्याला माहीत नाही!”

या वेडापायी त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता मराठी पद्य आणि त्याचं गाणं, ओवीपासून नाट्यपदापर्यंत. विद्यापीठाचं नाव घेत नाही. मराठीच्या अभ्यासमंडळानं कागद परत पाठवले, हा संगीताचा विषय आहे म्हणून. सरांनी तेच कागद संगीताच्या मंडळाकडं दिले. तिथून उत्तर आलं की हा साहित्याचा विषय आहे. दोन्ही पत्रं त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती आणि नवा विद्यार्थी घरी आला की चहाबरोबर ती बाहेर निघायची. पदवी शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यांना तिची फिकीर नव्हती असं मी म्हणणार नाही. होती.

त्या पत्रांवर त्यांचं उत्तर म्हणजे शार्ङ्गदेव. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी हिशेबाच्या कचेरीत असलेला हा माणूस. आजा काश्मीरहून दक्षिणेत आलेला. त्यानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्याय: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन. आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही परंपरा आपलं मूळ सांगताना त्याचं नाव घेतात. त्यातल्या प्रबंधांच्या यादीत, मोठमोठ्या शास्त्रीय रचनांच्या पंगतीत, एक नाव येतं: ओवी. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त नोंद केलेली आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजानं स्वयंपाक, हत्ती, रत्नं, वैद्यक यांच्याबरोबर हेही लिहून ठेवावं याचं सरांना फार कौतुक. “सोमेश्वराला मंडळ नव्हतं विचारायला,” असं ते म्हणायचे.

पुढं १२९० साली नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर सांगायला घेतलं ते ओवीतच. तिथं ओवीचं एक वळण बदलतं. जात्यावरची, मुसळावरची ओवी ग्रंथात येते आणि सुमारे नऊ हजारांच्या संख्येनं येते. तीन चरण यमकाला बांधलेले, चौथा आखूड, मोकळा. ज्ञानेश्वरांनी तर आपली ओवी गाण्यानं रंगते आणि गाण्याशिवायही रंगते अशा अर्थाचं म्हणून ठेवलंय. या दुसऱ्या अर्ध्याचा आधार पुढच्या अभ्यासकांनी इतका घट्ट धरला की पहिलं अर्धं सुटलं, हा सरांचा लाडका आरोप. मला तो थोडा एकतर्फी वाटायचा, अजून वाटतो. सप्त्यात पारायणाला बसलेलं कुणी ज्ञानेश्वरी गद्यासारखी वाचत नाही. चाल तिथं आहेच. फक्त ती प्रबंधात आली नाही, मंडपात राहिली.

आधुनिक काळाबद्दल मात्र त्यांचं बरोबर होतं. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. यशवंत, गिरीश, माधव जूलियन. काव्यगायनाच्या बैठका गावोगाव भरू लागल्या, लोक तिकीट काढल्यासारखे गर्दी करू लागले. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांची यथेच्छ टर उडवली. पण त्याच मंडळातल्या माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’सारखा जाडजूड ग्रंथ लिहून मराठी वृत्तांची सविस्तर मांडणी केली, हेही खरं. नंतर मर्ढेकर आले. सौंदर्याचा विचार मांडताना त्यांनी नेमका ‘लय’ हाच शब्द घेतला: संवादलय, विरोधलय, समतोललय. कविता लिहिताना ओवी आणि अभंगाचेच साचे घेतले. ते स्वतः नोकरीला आकाशवाणीत. तरीही मर्ढेकरांपासून मराठी कविता कानाकडून डोळ्यांकडं सरकली आणि गाणारा कवी हा जरा हसण्यावारी न्यायचा प्रकार झाला. आम्ही वर्गात मर्ढेकर मुकाट्यानं वाचायचो. सर ते मोठ्यानं, अभंगाच्या ठेक्यात म्हणायचे, आणि मर्ढेकरांच्या कवितेतले पिंपात मेलेले ते उंदीर टाळांच्या चालीवर आले की पाठीवर सरसरून काटा यायचा.

सरांचं खरं काम मात्र वर्गाबाहेरचं होतं. त्यांचं मूळ गाव येरळेच्या काठचं. आई जात्यावर गाणारी. सत्तरच्या दशकात गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या, वीज आली, पहाटेचं दळण बंद पडू लागलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आता थांबणार. सायकलवर टांग मारून सुट्टीत ते गावं पालथी घालायचे. ओव्या गोळा करणारी माणसं त्यांच्याआधीही होती. सांगली जिल्ह्यातल्याच सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळातून सुरुवात करून लाखावर ओव्या जमवल्या. सरांची जमवाजमव त्यापुढं किरकोळ. दहा-बारा फुलस्केप वह्या. पण त्यांचा हट्ट निराळा होता. ओवी छापताना बहुधा काय होतं, तर दोन ओळी स्वच्छ लिहून घेतात आणि गाणारणीनं मध्ये घातलेलं ‘गं बाई’, ‘माझ्या सये’, पहिल्या अर्ध्याची पुन्हा पुन्हा घोळवणी, श्वासाला थांबलेली जागा, हे सगळं गळून जातं. सरांना ते गाळायचं नव्हतं.

त्यांनी भातखंड्यांची लिपी घेतली. विष्णु नारायण भातखंडे वकील. देशभर फिरून घराण्यांच्या तिजोऱ्यांतल्या बंदिशी त्यांनी कागदावर आणल्या, मराठीत ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चे चार भाग लिहिले, १९२६ला लखनौला संगीताचं कॉलेज काढलं. कोमल स्वराला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी, मंद्र स्वराला खाली टिंब, तार स्वराला वर. अक्षर लांबलं की अवग्रह. समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणांत खयाल मावतो का, हा वाद शंभर वर्षं चाललाय. ओवी मात्र चार-पाच सुरांत फिरणारी, ती मावेल असं सरांना वाटलं. वहीच्या एका ओळीत निळ्या शाईनं शब्द, वरच्या ओळीत पेन्सिलीनं स्वर. पेन्सिल का, असं मी विचारलं होतं. “बाई दर खेपेला थोडं वेगळं म्हणते. शब्द तेच राहतात, सूर इकडचा तिकडं होतो. शाईनं लिहून बसलो तर मी अडकलो.” वहीत खोडरबराचे चुरे असायचे. टेपरेकॉर्डरही होता एक. त्याच्या कॅसेटी पुतण्याच्या हाती लागल्या आणि त्यानं त्यांवर सिनेमाची गाणी भरून घेतली. हे सांगताना सर चिडत नसत. गाण्यांची निवड चांगली होती म्हणायचे.

२०१७च्या दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच. मी पुण्याहून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, चहा केला, दोघी बसलो, आणि बराच वेळ बोलण्यासारखं काही सापडेना, कारण त्या घरात बोलायचं काम कायम त्यांचं होतं. निघताना काकू म्हणाल्या, “वह्यांचं काहीतरी कर गं तू.” मी हो म्हटलं. वह्या सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या घरी, तळमजल्यावर, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. उन्हाळ्यात निवांत येऊन बघू, असं ठरलं. एक उन्हाळा माझ्या नोकरीनं खाल्ला, दुसरा काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननं.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५च्या पुराच्याही पुढं. गावभाग पाण्यात, बाजारपेठ पाण्यात, नगर वाचनालयातली जुनी पुस्तकं पाण्यात. काकूंना शेजारच्या मुलांनी वरच्या मजल्यावरून बोटीत घेतलं. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा गल्लीत प्रत्येक दारासमोर गाद्या, फ्रीज, फोटोच्या चौकटी यांचे ढीग, आणि सगळ्याला एकच वास. कपाट फुगलं होतं. दार पहारीनं उचकटावं लागलं.

वह्या आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घातल्या. पानं एकमेकांना चिकटलेली, ती पातळ सुरीनं सोडवायची, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा, वर पाटा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहिली वही उघडली. शाई गेली होती. नुसती फिकट झालेली नाही. पानभर एक निळसर ढग आणि त्यात कुठं वेलांटीचं टोक, कुठं अनुस्वार. शब्द म्हणून वाचता येईल असं काही नव्हतं. आणि त्या ढगाच्या वर, ओळीनं, जशीच्या तशी, पेन्सिल. सा रे ग ग रे, मग अवग्रह, मग रे सा, मंद्र निषादाखालचं टिंबसुद्धा जागेवर. शिसं पाण्याला दाद देत नाही. सरांनी जे पुसता यावं म्हणून लिहिलं होतं तेवढंच पुसलं गेलं नव्हतं.

मी काकूंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. “आता हे कुणाला वाचता येणार?” म्हणाल्या. मला स्वर वाचता येत होते. पण तेवढ्यानं काय होणार? हालाच्या गाथांपासून देवलांच्या पदांपर्यंत आमच्या पदरात शब्द पडले होते आणि चाल निसटली होती. सरांनी आयुष्यभर तेच रडगाणं गायलं. आता त्यांच्याच वह्यांत चाली शिल्लक होत्या आणि शब्द नदीला गेले होते. ज्या पानांवर नामदेवांचे, तुकोबांचे अभंग होते त्यांचं एक वेळ ठीक, गाथा काढून अक्षरं मोजून बसवता येतील. ओव्यांचं काय? त्या बायकांची नावंसुद्धा शाईतच होती.

सरांच्या थोरल्या बहिणीकडं, आक्कांकडं जायचं काकूंनी सुचवलं. त्या अजून गावातच, धाकट्या मुलाकडं. वय नव्वदीच्या आसपास, कान शाबूत, दात दोन. सोप्यात वाकळ पसरून बसल्या होत्या. आम्ही वह्या उघडल्या, मी सांगितलं की हे तुमच्या आईचं असावं, आणि पानावरचे स्वर गुणगुणायला लागले. सावकाश, सूर सांभाळून, जसं क्लासात शिकवतात तसं.

आक्का बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोन गेलंय गं?”

“म्हणजे?”

“असं रडत कोन दळतंय व्हय? ह्या चालीनं पायलीभर दळायचं म्हटलं तर दिस मावळंल.”

भातखंड्यांच्या लिपीत मात्रा असतात, किती लांब ते असतं, पण मात्रा किती वेगानं जायची हे सरांनी कुठंच लिहिलं नव्हतं. त्यांना त्याची गरज नव्हती. समोर जातं फिरत असायचं. मी पुन्हा म्हटलं, चढ्या लयीत. आक्कांनी मान हलवली, मग मध्येच मला थांबवून स्वतःच सुरुवात केली. सूर कागदावर होते त्याहून एक जागा निराळे, पण वळण तेच. शब्द भावाचे, मुराळ्याचे, माहेरच्या वाटेचे. पहिलं अर्धं दोनदा घोळवलं, श्वासाला थांबल्या, दुसरं अर्धं एका दमात टाकून दिलं. काकू मोबाइलवर रेकॉर्डिंगचं बटण शोधत होत्या.

“आक्का, पानावर हेच शब्द होते का?” मी विचारलं.

“आता मला काय ठावं? त्या दिवशी तोंडाला काय आलं आसंल ते आसंल.” त्यांनी वही स्वतःकडं ओढून उलटी-सुलटी पाहिली. अक्षरओळख नाही, तरी पेन्सिलीच्या टिंबांवरून बोट फिरवलं. “ह्यो एवढं एवढं लिहीत बसायचा. आई म्हनायची, लेका, पीठ तरी चाळ. फुडचं म्हन.”

पुढचं म्हटलं. तेही त्यांना ओळखू आलं. मोहरमातलं, जात्यावरचं नव्हे, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्याला नुसती मान डोलावली. चौथं पान मी दोनदा म्हणून दाखवलं, एकदा हळू, एकदा भरभर. आक्कांनी तोंड वाकडं केलं.

“हे आमच्यातलं न्हवं. नदीच्या पल्याडल्या बायका असं वर वर नेऊन सोडत्यात. न्हाईतर आन्नाला, तुझ्या सरांना, ऐकायला चुकलं आसंल, त्याला बारीकपनी कान फुटत हुता. तू असं कर, पल्याड माझी नणंद हाय, तिला इचार. आन् जायचं तर लवकर जा, तिचं आता काय खरं न्हाई.”

काकू घड्याळ बघत म्हणाल्या, शेवटची एसटी साडेपाचची आहे, आत्ता निघालो तर होईल.